नऊशे नव्व्याण्णव तास

मनाउसच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी एकच काम केलं:
अधिकच्या खुणेसारख्या बटणाखाली
काळ्या रबराची चकती बसवणं.
वर, खाली, डावीकडे, उजवीकडे,
चार फुगवटे,
पाळीला दोन हजार नग.
कोण कुठे निघालंय, ते कुणी सांगितलं नाही.

आता तिथे मोबाइल बनतात. त्यांना बटणंच नाहीत.
आणि मी बंदरामागे, मासळीबाजाराला लागून,
टेबलाएवढ्या दुकानात
तेव्हा बंद केलेलं उघडत बसते.
तीन पाकळ्यांचा स्क्रू, कापसाची काडी, स्पिरिट.
या नदीकाठी ओल कशातही शिरते,
पावात, लग्नाच्या फोटोंत,
तांब्याच्या रेघांत हिरवी होऊन.
स्पीकरमधून मुंग्या निघतात.
एकदा तर बॅटरीच्या कप्प्यात पालीचं अंडं,
उबेला ठेवलेलं.

वाल्देनीसी बोटीवरून तशीच आली, अंगाला कांद्याचा वास.
मदेइरा नदीवर चार दिवसांची फेरी,
दीडशे माणसांचा भात तिच्याकडे.
फडक्यात करडा गेम, विटेसारखा,
त्यात अडकलेली कॅसेट.
आतली बॅटरी मरायला टेकलीय म्हणाली,
पोराचा खेळ आहे त्यात,
पुसला जाता कामा नये.

मी चालू केला.
पिवळट हिरवा पडदा, दोन उभ्या रेघा गेलेल्या.
पोराचं नाव रायमुंदो. पडद्यावर पाचच अक्षरं मावतात,
म्हणून मुंदो.
आमच्या भाषेत मुंदो म्हणजे जग.
पातळी बारा. तलवार अजून लाकडाची.
वेळ: नऊशे नव्व्याण्णव तास, एकोणसाठ मिनिटं.
त्यापुढे या यंत्राला मोजता येत नाही.

मी म्हटलं, एवढ्या तासांत किल्ला वीसदा पडायला हवा.
ती कोरडेच हात ॲप्रनला पुसत राहिली.
मग बटण दाबून दाखवलं:
मुंदो विहिरीभोवती चालतो. एक फेरी. दुसरी.
कोंबडी बाजूला होते.
लोहार तेच वाक्य बोलतो.

"पोर्तो वेल्योकडे असतो. सोन्याच्या तराफ्यांवर.
फेरीत दिसतात तराफे, दुरून.
किल्ल्यात मी जात नाही. मला लढता येत नाही.
मेला तर?"

जुनी बॅटरी काढण्याआधी
दुसरी तारेने जोडून धरावी लागते,
नाहीतर क्षणात पाटी कोरी.
मगरीच्या तोंडाचे दोन चिमटे, लाल आणि काळा.
डोळ्यांत तेल घालून जुनीचा एक पाय सोडवला,
दुसरा सोडवला,
आणि वीज गेली.

बाजारभर एकच ओरडा. बर्फवाल्याची शिवी.
हातातला सोल्डरचा दांडा
कोंबट होत गेला, मग नुसताच दांडा.
आम्ही दोघी हललो नाही.
टेबलाला धक्का नको म्हणून
ती श्वासही जपून घेत होती.
तीन व्होल्ट, केसाएवढ्या दोन तारा,
त्यांना धरून अंधारात अख्खं गाव उभं.
बऱ्याच वेळाने ती पुटपुटली,
कोंबडीचं नाव ठेवलंय मी.
काय ते सांगितलं नाही.

पाऊण तासाने दिवे आले. डाग दिला. चिमटे सोडले.
मुंदो होता.

मग सहज बटणाखालचं रबर पाहिलं.
पोरांच्या गेममध्ये उजवा फुगवटा आधी जातो,
सगळे उजवीकडे पळत सुटलेले असतात.
हिचे चारही सारखे झिजलेले,
अगदी सारखे.
अकरा वर्षांत, आणि नंतरच्या एवढ्या वर्षांत,
मी असं रबर पाहिलं नव्हतं.

नवी चकती बसवली. पैसे बॅटरीचेच घेतले.
पंधरा वर्षं चालेल, म्हणाले.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं,
अर्ध्यात सोडलं,
आणि दुकानातच, उभ्याउभ्या,
एक फेरी मारून घेतली.