रक्तावरची साय

सकाळी सात. कसबा पेठेतली लॅब.
कोठावळे काका बाही वर करतात.
"रात्री फक्त वरणभात, वर तूप.
दोन तासांनी मोजली: एकशे बत्तीस.
बघा, तुपानं राखली!"

मी सुई टोचते. सांगत नाही
की तूप साखरेला
थोडा वेळ जिन्यातच बसवून ठेवतं;
मध्यरात्री, तुम्ही घोरत असता,
तेव्हा ती वर येते,
आणि इन्शुलिन दारोदार कड्या वाजवत फिरतं.
आतून कुणी उघडत नाही.

यंत्र गरगरून थांबतं.
नळीत वरती पांढरं, दाट,
आईनं विरजणासाठी
वाटीत काढून ठेवावी
तशी साय.

"झालं ना? मग चहा घेतो समोर,"
काका कापूस दाबत उठतात.
"बिनसाखरेचाच हं!
सोबत खारी. दोनच."