उठवणी

गेवराई मागे पडली आणि गाडी
डाव्या मागच्या पायावर बसली.
फुस्स झालं फक्त,
तव्यावर पाणी शिंपडावं तेवढंच.
मन्मथ म्हणाला, एअर सस्पेन्शन.
मी म्हणालो, काय?
तो म्हणाला, बाबा, तुम्ही आत बसा.

एकतीस वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात होतो.
बसलेलं जनावर मला कळतं.
व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी म्हैस अशीच बसते,
मान कुशीकडे वळवून,
कान गार, नाकपुडी कोरडी,
आणि मालक शेपटी पिरगाळत म्हणत असतो,
सोंग करलालीय सायेब.
तिला कॅल्शियम लागतं. शिरेतून, सावकाश.
घाई केली की काळीज बंद पडतं.

हिला काय लागतं, मला माहीत नव्हतं.
मन्मथलाही नव्हतं. तो फोनवर पुण्याशी बोलत होता.
पुणं म्हणालं, पार्टला चार दिवस.
पुणं म्हणालं, किंमत व्हॉट्सॅपला टाकतो.
किंमत आली.
त्यानं फोन पालथा करून बॉनेटवर ठेवला.

तिसऱ्या हातची गाडी.
दिवसाउजेडी उदगीरात शिरायचं होतं तिच्यातून,
चौबाऱ्यावरून, काचा खाली करून.
असं तो बोलला नव्हता.
पण वाटेत दोनदा त्यानं गाडी धुवून घेतली होती.

पंक्चरच्या पत्र्याखाली खाजामियाँ झोपले होते.
उठले, वाकले, चाकाच्या वर कान लावला.
कान लावला म्हणून मी पुढे सरकलो.
इतका वेळ कुणी हात लावला नव्हता तिला.
त्यांनी नळी कापली,
मोटारसायकलच्या ट्यूबचा वॉल्व बसवला,
कॉम्प्रेसर धडधडला,
आणि ती उठली.
म्हैस उठते तशी, आधी मागून.
"तीस किलोमीटर. फिर बैठेगी. फिर हवा मांगना."
वॉल्वचे चाळीस घेतले.
"हवा का क्या लेना."

मग आम्ही हवा मागत आलो.
बीडच्या बायपासला.
मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर.
केजला दुकानात पोरगा नव्हता, त्याची बहीण होती,
दहावीची असावी,
तिनं पुस्तकात बोट तसंच ठेवलं
आणि दुसऱ्या हातानं हवा भरली.
लोखंडी सावरगावला एकजण म्हणाला,
एवढी थोरली गाडी अन् हवा फुकटची?
मन्मथ हसला. दिवसभरातलं पहिलं.

उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्यांचे,
आम्हाला मागे टाकून गेले.
लातूरच्या अलीकडे, अंधारात, मी त्याला सांगितलं,
बसलेल्या जनावराची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.
नाहीतर खालचा पाय मरतो.
कडब्याच्या पेंढ्यांचं टेकण द्यायचं, रात्रभर जागायचं.
तो म्हणाला, किती उठतात त्यातली?
मी म्हणालो, निम्मी.
खरं तर त्याहून कमी.
पण नळेगाव अजून यायचं होतं.

तीन वाजता उदगीर.
चौबाऱ्यात एक कुत्रं होतं.
त्यानंही मान वर केली नाही.

फाटकातून आत घेतली, किल्ली काढली,
आणि ती त्याच कोपऱ्यानं, सावकाश,
फरशीकडे टेकत गेली.
शिवलीला बॅटरी घेऊन बाहेर आली.
उजेड गाडीवरून फिरवला,
मग मन्मथच्या तोंडावर,
मग परत गाडीवर.
"का बसलालीय ही?"
कुणी काही बोललं नाही.
"जेवलाव का?"

ती दोघं आत गेली.
मी सवयीनं पालथा हात बॉनेटला लावला.
ऊब होती.
एवढ्यावरच मी मालकाला सांगायचो,
जा, झोप तू जरा.
बघू सकाळी.