तीन नंबरची व्हॅन

पहाटे पाच चाळीसला तांबोळीचा फोन:
मॅडमच्या व्हॅनला गरम पाणी नाही,
सातला शॉट, केसांत कालचं रक्त आहे,
सिनेमाचं. काकवीसारखं चिकटतं ते.

चित्रनगरीच्या वरच्या चढावर उभी होती ती,
आरसा, सोफा, न्हाणीघर, सगळं चाकांवर,
आणि पोटाखाली, जिथं कुणी वाकत नाही,
वीस लिटरचा एक गीझर.

आधी त्याच्यावर हात ठेवला.
चटका बसला.
म्हणजे कॉइल मेलेली नाही, थर्मोस्टॅट जागा आहे.
मग नळ सोडला. आलं ते कोमट,
बोलण्यात विसरलेल्या चहासारखं.

"कॉइल बदलून टाक," तांबोळी म्हणाला.
त्यानं आणलीही होती, पिशवीत, बिलासकट.
लोकांना कॉइल बदलायला आवडतं.
काहीतरी काढून फेकता येतं.

मी व्हॅनखाली आडवा झालो. पाठीला खडी.
बायपासचा कॉक पाहिला: बंद, दांडी पाइपला आडवी, हवी तशी.
नॉन-रिटर्न खोलला. स्प्रिंगवर पांढरी खपली,
वर्षानुवर्षं टँकरचं पाणी पिऊन धरलेली.
एकनाथ धुरीनं नाश्त्याच्या टेबलावरून
पोह्यांचं लिंबू आणून दिलं.
अर्धं पिळलं, घासला, बसवला.

कोमटच.

मग ते केलं जे आधी करायला हवं होतं.
गीझरकडे जाणारं थंड पाणी तोडलं
आणि आत जाऊन गरमचा नळ उघडला.
थेंब यायला नको होता.
धार आली.
निर्लज्ज, अखंड धार.

म्हणजे कुठंतरी, पत्र्यामागच्या अंधारात,
थंड पाणी गरमच्या घरात शिरत होतं.
कडी कुणी काढलेली?

बेसिन नाही. शॉवर नाही.
व्हॅनच्या मागे, जनरेटरच्या अंगाला, एक झाकण,
त्यात हँडशॉवर, वाळूतल्या शूटिंगनंतर पाय धुवायचा.
दोन्ही कॉक सताड उघडे.
नुसतं तोंड दाबून बंद केलेलं.
बाहेर टिपूस नाही आणि आत सगळा घोळ.

झाकणाच्या हुकाला
शाम्पूची पुडी, कोपरा दुमडून जपलेली,
आणि कंगवा. दातांत पांढरी पावडर.

"मालनबाई," एकनाथ म्हणाला, माझ्या पान्याकडे बघत.
मालन बारस्कर. वय बेचाळीस.
गर्दीत कायम कुणाची तरी आजी,
नाहीतर तिरडीमागची म्हातारी.
केस पांढरे करून घरी गेली
तर धाकटी जवळ येत नाही म्हणे.
म्हणून पॅकअपनंतर, दिवे उतरले की,
इथं उभ्या उभ्या डोकं धुते,
वीस वर्षं नालीत सोडते
आणि ओल्या केसांनी बसस्टॉपवर जाते.
"थंड पाण्यानं निघत नाही ती पावडर," एकनाथ म्हणाला.
"काल शेवटची बस सुटत होती."

मी दोन्ही कॉक फिरवले. गीझरचं पाणी जोडलं.
चार मिनिटांनी आतला आरसा धुरकटला
आणि कुणीतरी आतून "थँक यू" म्हणालं,
मला, किंवा फोनवर दुसऱ्या कुणाला.

"काय होतं?" तांबोळी.
"व्हॉल्व्हला चुना धरला होता."
हे खोटं नव्हतं.
साडेतीनशे घेतले. कॉइलचं काय करायचं
ते त्याचं त्यानं बघावं.

जाताना परत मागे गेलो.
हुकावर पुडी होती तशी ठेवली,
शेजारी उरलेलं अर्धं लिंबू, केसांना चालतं.
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला
पाइपवर खुणा करायच्या मार्करनं लिहिलं,
अक्षर माझं वाईट आहे, पण वाचता येईल:

बाई, झाल्यावर दोन्ही कॉक बंद करा.
नुसतं तोंड दाबू नका.