रिपोर्ट त्याचा, पथ्य तिघांचं

मार्केट यार्डातून दहा किलो ज्वारी आली
तेव्हा घरात तिला जागाच नव्हती.
मैद्याचा डबा रिकामा केला, टोस्टचा केला.
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा कोंबडा
इराने कापून फ्रीजवर चिकटवला.

पहिली भाकरी उचलताना
तिचे तीन तालुके झाले.
सुहृद म्हणाला, हा मुळशी, हा भोर,
वेल्हे तव्यालाच राहिलं.

मग चावत राहिलो.
चावण्याचा एवढा आवाज
या घरात पहिल्यांदाच ऐकला;
एरवी टीव्हीसमोर
जेवण कधी संपायचं, कळायचंच नाही.

हुलग्यांचं माडगं कुणालाच आवडलं नाही.
मी एकटीने संपवलं, दोन दिवस,
हट्टाने.

बाराव्या दिवशी
त्याच्या स्कूटरच्या डिकीत
पॅटिसचा तेलकट कागद.
नीट घडी घातलेला, पत्रासारखा.

बोलले नाही काही.
रात्री चाकवत वाढला,
जवसाच्या चटणीवर
तेलाची धार जरा जास्तच सोडली.
तो माझ्याकडे बघत नव्हता;
भाकरीचा पापुद्रा सोलून
आधी इराला दिला.

कागद टाकला नाही मी.
तेल न लागलेल्या कोपऱ्यात
उद्याची यादी लिहिली:
राळे, अंबाडी, सातूचं पीठ,
आणि रविवारी
तिघांत एक पॅटिस.