पेल्यातली रेघ

धावपट्टी संपते तिथून पुढं करडई.
बाया ती पहाटेच काढतात,
दवानं काटे मऊ असतात तोवर.
ऊन चढलं की करडई हात लावू देत नाही.

मी त्याच वेळी विमानाच्या पंखाखाली.
आधी लातुरात, बाजार समितीमागं, ट्रॅक्टरचे पंप खोलायचो,
मग फ्लाइंग क्लबात लागलो. इंजिन ते इंजिन.
फरक एवढाच, ट्रॅक्टर बंद पडला तर
माणूस खाली उतरून त्याला शिव्या घालतो.

बेलुरे सर पोरांना सांगायचे:
चारशे फुटांवर इंजिन गेलं
की मागून पट्टी हाक मारते.
ओ देऊ नका.
नाक खाली. समोर जे असेल ते आपलं,
बांध, हरभरा, बाभळ, काही का असेना.
माघारी वळणाऱ्याची फक्त गोष्ट पोचते पट्टीवर.
अकरा वर्षं हेच. तोच फळा, खडू आडवा धरून.

आदल्या दिवशी पेट्रोलची गाडी आली नाही.
टाकी अर्धीच राहिली, रात्रभर उघड्यावर.
झाकणाचं रबर तडकलेलं;
बदलायचं, असं मी वहीत लिहिलं होतं.
अर्ध्या टाकीतली उरलेली जागा रिकामी नसते.
तिथं हवा असते, आणि फेब्रुवारीच्या हवेत दव.
ज्या गावात रेल्वेनं आलेलं पाणी
आम्ही घागरीनं मोजून घेतलं,
तिथं फुकटचं पाणी साचलं ते नेमकं टाकीत.

नमुना पेल्यात काढला.
पेट्रोल वर राहतं, पाणी खाली, मधे रेघ दिसते.
रेघ दिसली की ओतून द्यायचं, परत काढायचं.
रेघ नव्हती.
हँगरच्या पिवळ्या दिव्यात सगळं एकसारखं, स्वच्छ.
मी अंगठा वर केला.

सर एकटेच होते.
विमान लिंबाच्या शेंड्यावरून गेलं आणि आवाज थांबला,
बोलता बोलता कुणी नाव विसरावं तसा.
पंखा नुसता वाऱ्यानं फिरत राहिला.
तेजल घोणसीकर माझ्याशेजारी, तिची पाळी दुसरी होती.
पुटपुटली, नाक खाली, सर, नाक खाली.
सर वळले.

गयाबाई म्हणते, पंधराजणी होतो आम्ही वाकलेल्या.
आमाला बघितलं त्यानं, म्हणून वळला बिचारा.
तेजल म्हणते, तेवढ्या वेळात माणूस काही बघत नाही,
हातच काय ते ठरवतात.
मी दोघींनाही हो म्हणतो.

मला संध्याकाळी कळलं, हात धुताना:
रेघ नव्हती, कारण पेल्यात पेट्रोलच नव्हतं.
चौकशीत मी रबराचं सांगितलं. पेल्याचंही.
साहेबांनी लिहून घेतलं, मग चहा मागवला.
मी प्यालो तो.

आता नमुना पांढऱ्या कागदासमोर धरतो, निळा दिसेपर्यंत.
वास घेतो. मग दोन थेंब तळहातावर,
आणि थांबतो.
नवी पोरं घड्याळ बघतात.
तिकडं बाया दव संपायच्या आत भराभर हात चालवतात.
पेट्रोल असेल तर गार लागतं, उडून जातं.
पाणी राहतं.