तिसरी पट्टी

खात्याने दिलेली पट्टी प्लास्टिकची आहे.
वीतभर. तिच्यावर चार हिरवे ओळीने,
पहिला पिकायला आलेल्या लिंबाचा,
शेवटचा फणसाच्या जून पानाचा.
मागे सूचना, बारीक देवनागरीत,
म्हणजे सासष्टीत त्या मीच वाचून दाखवायच्या.

मी वाळपईची. कुडतरीत येऊन सहा महिने झाले.
आपोलिनार कुलासोंच्या वायंगणात
आज लावणीचा एकविसावा दिवस.
तळ्याचं पाणी पाटाने येऊन घोट्याखाली थांबलंय.
बांधावर युरियाची गोण, तोंड उघडं,
दंव लागू नये म्हणून वर उपडं घमेलं.

गेल्या साली त्यांनी हाताला आला तितका फेकला.
पीक कमरेला लागलं,
लोक स्कूटर थांबवून बघायचे.
मग मार्चमध्ये एका रात्री वारा सुटला
आणि सकाळी सगळं शेत आडवं,
लग्नघरात दमून झोपलेल्या पाहुण्यांसारखं
एकमेकांच्या अंगावर.
निम्मा दाणा पोचट. पेंढाही कुजका.

मी सांगते: दहा रोपं निवडा,
सगळ्यात वरचं, पूर्ण उघडलेलं पान.
तोडू नका.
उन्हाकडे पाठ करा, आपल्याच सावलीत पान धरा,
मधला भाग पट्टीवर टेकवा.
दहात सहा तरी तिसरीपेक्षा फिकी निघाली
तरच गोणीकडे जायचं.

ते वाकतात. पान धरतात.
इतका वेळ धरून राहतात
की पाणकोंबडी आम्हाला विसरून पलीकडे चालत जाते.
मग पट्टी माझ्याकडे परत करतात.
"बाय, म्हाका पाचवो रंग कळना."

पाचवो. पाचूतला. हिरवा.
जन्मापासून.
ट्रकचं लायसन त्यासाठीच अडलं,
अजून पिकलेली मिरची ते नखाने दाबून ओळखतात.
शेताचा रंग एस्कोलास्तिका बघायची,
कमरेवर हात, दारातूनच.
"आयज घाल," म्हणायची,
नाहीतर "राव."

राव म्हणजे थांब.

गेल्या साली ती स्विंडनला गेली, लेकीचं बाळंतपण होतं.
मूल आता चालायला लागलंय, ती अजून तिथेच.
आपोलिनारनी फोन उंच धरून तिला शेत दाखवलं,
ती म्हणाली, फोनार सगळेंच बरें दिसता.
इथे राव म्हणायला कुणी नव्हतं.
त्यांना वाटलं, कमी पडण्यापेक्षा
जास्त पडलेलं बरं.

पट्टीच्या मागे याबद्दल काही लिहिलेलं नाही.
मी तरी उलटून पाहते.
मग उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून:
रंग सोडा. काळं कुठलं जास्त?

ते टोपी काढतात.
पुन्हा वाकतात, सावली पानावर पडते,
आणि पट्टीवरून अंगठा हळू सरकतो,
डाळीतले खडे चाचपावेत तसा.
"हें उणें काळें. हें चड. पान हांगा."
अंगठा तिसरीवर.

मी पाहते. तिसरीच.

दुसरं पान, तिसरं. वहीत आकडे मांडते.
सातव्याला मी दुसरी म्हणते, ते मान हलवतात,
मी ऊन अडवायला विसरले होते.
पुन्हा पाहते, खोडते, लिहिते.
दहात दोनच फिकी.

"म्हणजे आज नाही," मी म्हणते.
कार्यालयात कुणी विचारणार नाही
की रंग न दिसणाऱ्याने रंग कसा मोजला.
रकान्यात फक्त आकडा बसतो.

पट्टी त्यांच्याकडे राहते, मी पावतीवर सही घेते.
इगर्जीत नऊचे ठोके पडतात.
स्विंडनला साडेतीन, अंधार असेल.
ते खिशातून फोन अर्धा बाहेर काढतात,
बघतात, परत ढकलतात.
गोणीचं तोंड सुतळीने बांधतात, दोन वेढे,
नंतर आठवून तिसरा.
"राव," म्हणतात,
आणि पाट बुजवायला खोरं घेऊन जातात.