तेलाचा डाग

सावद्याहून आणलेल्या शेवेच्या पुडीवर
बुद्धिबळाचा पट निघाला:
पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात.
घोड्यापुढच्या घरावर तेलाचा डाग.
खाली प्यादं आहे की नाही, कळेना.

सुपडू भंगाळे म्हणाला, "आहे असं धर भो."
धरलं. दोन घरं पळवलं. मात होईना.
नाही धरलं, तर दोनातच झाली.
इतकं सोपं कोण छापेल?

केळीच्या वखारीत, वजनकाट्याला टेकून
तो जुनं सांगत बसला:
तेव्हा प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं
आणि प्याद्यानं केलेली मात
सगळ्यांत मानाची.

मी कागद उन्हाकडे धरला.
मागचे कापसाचे भाव उलटे दिसले,
आणि त्यांच्यात
एक बारीक गोल डोकं.

ट्रकवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला.
"एकच घर," सुपडू पुटपुटला,
"एकच घर चालव."